अमेरिकेत लिलावातली गाडी घेताना 'सॅल्व्हेज' आणि 'क्लीन' टायटलमध्ये (टायटल म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद) फरक काय?

सॅल्व्हेज म्हणजे विमा कंपनीने सहसा 'टोटल लॉस', म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही अशी, ठरवलेली गाडी. दुरुस्ती आणि राज्याची तपासणी झाली की 'रिबिल्ट' शिक्का बसतो, तो कायमचा.

खरी गोम 'क्लीन'मध्ये आहे. क्लीन म्हणजे अपघात झालाच नाही असं नव्हे. कागदावर शिक्का नाही, एवढंच. टोटल लॉस ठरवायची मर्यादा राज्यागणिक बदलते: फ्लोरिडात दुरुस्तीचा खर्च किमतीच्या ८० टक्के, टेक्सासात १०० टक्के. म्हणजे चांगलीच ठोकलेली गाडीही क्लीन राहू शकते. व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून एनएमव्हीटीआयएसचा, म्हणजे गाड्यांच्या टायटलच्या राष्ट्रीय नोंदीचा, अहवाल काढाच. आणि हो, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पुरात बुडालेल्या गाडीत पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ सापडते. विकणारे कार्पेट बदलतात, पट्टा विसरतात.