पाण्याखालच्या कॅमेऱ्यासाठी मुलीचा फंड मोडावा का?

प्रश्न: मी ३७ वर्षांची, ठाण्यात राहते. आम्हा दोघांचे मिळून महिन्याला १,६५,००० रुपये हातात येतात. ३८,००० चा गृहकर्जाचा हप्ता आणि घरखर्च मिळून १,०५,००० जातात, २५,००० च्या एसआयपी आहेत. बँकेत तीन लाखांची एफडी आहे. पाच वर्षांच्या मुलीच्या शिक्षणासाठी वेगळा ठेवलेला इक्विटी फंड आता साडेचार लाखांचा झालाय. चार वर्षांपासून स्कूबा डायव्हिंग करते, लॉगबुकात ६४ डाइव्ह आहेत. ऑलिंपस टीजी-६ हा छोटा कॅमेरा आणि त्याचं हाउसिंग (पाणी न शिरणारी पेटी) वापरते, पण फोटो निळे-हिरवे आणि ठिपक्याठिपक्यांचे येतात. आता फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा घ्यायचा विचार आहे. कोटेशन असं: बॉडी आणि दोन लेन्स २,६०,०००, अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग ३,१०,०००, दोन पोर्ट (हाउसिंगवर लेन्ससमोर बसणारी पारदर्शक झाकणं) १,१५,०००, दोन स्ट्रोब (पाण्याखाली चालणारे वेगळे फ्लॅश), ते धरणारे ट्रे आणि आर्म १,६५,०००. एकूण ८,५०,०००. फंड मोडून साडेचार लाख आणि चार लाखांचं पर्सनल लोन (१४ टक्के, तीन वर्षं) असं जमवता येईल. मालवणचं एक डाइव्ह सेंटर सीझनमध्ये शनिवार-रविवारी फोटो काढायला दिवसाला ३,००० रुपये देतंय. नवऱ्याचा मित्र म्हणतो, कॅमेरा धंद्यात दाखवा, टॅक्स वाचेल. डायव्हिंगच्या सहलींवर वर्षाला सव्वा लाखाच्या आत-बाहेर जातात. मग ही गुंतवणूकच झाली ना?

उत्तर: नाही. हा खर्च आहे, आणि तो करायला माझी हरकत नाही. हौसेवर खर्च करू नये असं सांगणाऱ्यांतला मी नाही. पण तुमची तक्रार एक आहे आणि तुम्ही विकत घेताय दुसरंच. शिवाय ते घेण्यासाठी जे मोडताय ते तुमचं नाही, मुलीचं आहे.

आधी कमाईचं बघू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. मालवणला ऑक्टोबर ते एप्रिल असे सात महिने धरा. नोकरी आणि लहान मूल सांभाळून महिन्यात दोनदा जाणं हेच खूप झालं. म्हणजे १४ शनिवार-रविवार, २८ दिवस, ८४,००० रुपये. कोकणकन्येनं कुडाळपर्यंत जाणं-येणं, पुढे मालवणपर्यंत रिक्षा, एक मुक्काम आणि जेवण याला एका खेपेला साडेचार हजार धरले, तर १४ खेपांचे ६३,००० झाले. हातात उरले २१,०००. एवढ्या रकमेत कर्जाचा दोन महिन्यांचा हप्तासुद्धा पूर्ण बसत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे काम नेमकं काय आहे. पहिल्यांदाच पाण्यात उतरलेला, घाबरलेला पर्यटक, सात-आठ मीटर खोली आणि सोबत इन्स्ट्रक्टर. त्या पर्यटकाला संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आणि चार फोटो हवे असतात. हे काम जगभर गोप्रोवर चालतं. तुमचा टीजी-६ सुद्धा ते करेल. तीन लाखांच्या हाउसिंगमधून काढलाय म्हणून सेंटरवाला तीनाचे चार हजार देणार नाही. म्हणजे ही कमाई हवीच असेल तर ती आज, एक रुपयाही न घालता सुरू करता येते. करून बघा. एका सीझनमध्ये कळेल की शनिवार-रविवार विकायला तुम्हाला आवडतंय की नाही.

आता फोटोंचं. पाणी लाल रंग आधी गिळतं. पाच मीटरलाच लाल फिका पडतो, दहा-बारा मीटरपर्यंत जवळजवळ संपतो, पुढे नारिंगी आणि पिवळा जातो. बॉडी दोन लाखांची घ्या नाहीतर पाच लाखांची, जो रंग पाण्यातून आलाच नाही तो सेन्सर कुठून आणणार? तो उजेडासोबत खाली न्यावा लागतो. म्हणून स्ट्रोब. तोही विषयाच्या मीटरभर जवळ गेलात तरच कामाचा, कारण स्ट्रोबच्या उजेडालाही तेवढंच पाणी कापून जावं आणि परत यावं लागतं. ठिपक्यांचं कारणही हेच. कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश लेन्सला चिकटून असतो, त्यामुळे लेन्ससमोर तरंगणारा गाळ तो सरळ उजळवतो. डायव्हर याला बॅकस्कॅटर म्हणतात. मालवणच्या पाण्यात गाळ असतोच. आर्मवर लांब, बाजूला धरलेला स्ट्रोब तो बराच टाळतो.

म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारींचं उत्तर कोटेशनच्या शेवटच्या ओळीत आहे, आणि तीही अर्धीच पुरे: एक स्ट्रोब, ट्रे, एक आर्म, फायबर केबल. तुमच्याच भावाने साधारण ८५,०००. टीजी-६ चा फ्लॅश फायबर केबलमधून बाहेरचा स्ट्रोब पेटवतो, आणि हा कॅमेरा रॉ फाइलही (प्रक्रिया न केलेली, रंग नंतर सुधारता येणारी) देतो. तुम्ही रॉमध्ये काढता का? पत्रात उल्लेख नाही. काढत नसाल तर तिथून सुरुवात करा, ते फुकट आहे.

स्ट्रोब आधी घ्या म्हणण्याला पैशाचंही कारण आहे. या छंदात सगळ्या वस्तू सारख्या वेगाने म्हाताऱ्या होत नाहीत. स्ट्रोब, ट्रे, आर्म, क्लॅम्प हे कॅमेरा बदलला तरी सोबत येतात. लेन्स त्याच कंपनीत राहिलात तर येतात. पोर्ट त्याच हाउसिंग कंपनीत राहिलात तर बहुतेक वेळा येतात. पण हाउसिंग एका मॉडेलसाठी, बटणाला बटण जुळवून घडवलेलं असतं. बॉडीची पुढची आवृत्ती आली, बटणं दोन मिलिमीटर सरकली, की जुनं हाउसिंग तिला बसत नाही. (अपवाद तुमच्याच घरात आहे: २०१९ चा टीजी-६ आणि २०२३ चा टीजी-७ दोन्ही एकाच हाउसिंगमध्ये बसतात. मोठ्या कॅमेऱ्यांत असं सुख क्वचित.) कोटेशनमधली सर्वांत महाग ओळ हाउसिंगची आहे आणि सर्वांत लवकर अडकून पडणारीही तीच. त्यामुळे ८,५०,००० हा एकदाच होणारा खर्च नाही. पाच-सहा वर्षांनी बॉडी बदलाल तेव्हा साडेपाच-सहा लाखांचा दुसरा फेरा दारात उभा असेल.

फुल-फ्रेमने आणखी एक साखळी गळ्यात पडते. वाइड अँगलला डोम (अर्धगोल) पोर्ट लागतो, आणि मोठ्या सेन्सरला कोपरे स्वच्छ हवे असतील तर डोम मोठा आणि अ‍ॅपर्चर एफ/११, एफ/१३ असं लहान, म्हणजे उजेड कमी आत सोडणारं, ठेवावं लागतं. अ‍ॅपर्चर लहान, म्हणून स्ट्रोब ताकदवान. सगळं मिळून वजन एवढं की अंदमानच्या विमानात १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातलं यात श्वासाचा रेग्युलेटर, बीसीडी (तरंगण्याचं जाकीट) आणि कॅमेरा बसवताना कपडे घरी राहतात. एपीएस-सी किंवा मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांमध्ये हे प्रत्येक टप्प्यावर हलकं आणि स्वस्त पडतं. खाली बारा मीटरवर, गढूळ पाण्यात, हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत या सेन्सरांमधला फरक तुमच्या आजच्या टप्प्यावर मलाच काय, स्पर्धेच्या परीक्षकालाही दिसेल की नाही शंका आहे.

आता पैसे कुठून आणता ते. चार लाख, १४ टक्के, ३६ महिने: हप्ता साधारण १३,६७०, व्याज एकूण ९२,००० च्या आसपास. खर्च आणि एसआयपी जाऊन तुमच्याकडे महिन्याला ३५,००० उरतात. डायव्हिंगच्या सहलींवर वर्षाला सव्वा लाखाच्या आत-बाहेर जातात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे महिना दहा हजार. हप्ता आणि सहली वजा जाता उरले अकरा हजार. त्यात मुलीची शाळेची फी वाढली की पहिली कात्री सहलींना लागेल. कॅमेरा कपाटात आणि तुम्ही ठाण्यात, हे मी इतर छंदांत पुष्कळ पाहिलंय.

फंडाचं गणित याहून कडू. साडेचार लाख आणखी १३ वर्षं राहिले आणि वर्षाला १० टक्के मिळाले असं धरलं (हमी कोणीच देत नाही, हे गृहीतक आहे), तर मुलगी अठराची होईल तेव्हा साडेपंधरा लाख होतात. विकताना करही बघावा लागेल. वर्षावर ठेवलेल्या इक्विटी फंडावर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा माफ, पुढच्यावर साडेबारा टक्के. कर फार लागणार नाही. पण ठराविक कामासाठी बाजूला ठेवलेला पैसा एकदा हौसेसाठी उचलला, की दुसऱ्यांदा उचलताना हात थांबत नाही.

तुमच्या यजमानांच्या मित्राने सुचवलेली ‘कॅमेरा धंद्यात दाखवा, टॅक्स वाचेल’ ही युक्तीही सोडून द्या. धंदा खरोखर असेल तर कॅमेऱ्यावर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, पहिल्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर त्याच्या निम्मा. पण धंद्यातला तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. २१,००० च्या नफ्यासमोर लाख-सव्वा लाखाचा घसारा दाखवून पगारावरचा कर एक पैशानेही कमी होणार नाही.

मग करायचं काय? सध्या पावसाळा आहे, मालवणचं पाणी बंद. सप्टेंबरअखेरपर्यंतचे चार महिने, सहलींचे दहा हजार वगळून उरणारे २५,००० बाजूला टाका. लाखभर जमतील. त्यातून ८५,००० चा स्ट्रोबचा संच घ्या, आणि उरलेल्यातून बॉयन्सीचा (पाण्यात स्थिर तरंगण्याचा) एखादा नीट कोर्स करा. ६४ डाइव्ह म्हणजे कच्चं नाही, पण दोन्ही हात कॅमेऱ्याला गेल्यावर प्रवाळाला पाय न लावता एका जागी तरंगणं हे वेगळं कौशल्य आहे. जवळ जाता आलं नाही तर स्ट्रोबही वाया.

ऑक्टोबरपासून ते २५,००० दोन वाटांनी जाऊ द्या. बारा हजार आणीबाणीच्या निधीत, कारण तीन लाखांची एफडी म्हणजे तुमच्या तीन महिन्यांच्या खर्चाएवढीही नाही. सहा महिन्यांचा, म्हणजे सव्वासहा लाखांच्या आसपास हवा. तेरा हजार कॅमेऱ्याच्या आरडीत. साडेसहा टक्के धरले तर दोन वर्षांत तिथे ३,३०,००० च्या वर जमतात. तोवर तुम्हालाच कळेल की अडतंय कुठे. टीजी-६ मध्ये शटर स्पीड हाताने ठरवता येत नाही. पाठीमागे सूर्याचे किरण ठेवून कासव काढायचंय आणि कॅमेरा ऐकत नाही, असं वारंवार व्हायला लागलं तर बॉडी बदलायचं खरं कारण मिळालं. फक्त ग्रुपवर दुसऱ्यांचे फोटो बघून मन चलबिचल होत असेल, तर ते कारण नाही.

तेव्हाही नवं घेण्याआधी वापरलेला संच शोधा. बॉडी, हाउसिंग आणि पोर्ट एकत्र विकणारे डायव्हर सापडतात, कारण बॉडी सुटी विकली तर हाउसिंग त्यांच्या गळ्यात पडतं. या अडचणीचा फायदा तुम्हाला. घेताना व्हॅक्यूम व्हॉल्व्ह (आतली हवा ओढून गळती तपासायची झडप) असलेलंच हाउसिंग बघा, आणि समोर हवा ओढून अर्धा तास दाब टिकतो का ते तपासा. स्क्रूभोवती पांढरी बुरशीसारखी गंज असेल तर दुसऱ्या दारी जा. अ‍ॅक्रिलिक डोमवरचे बारीक ओरखडे पॉलिश होतात, काचेचे होत नाहीत. सर्व्हिसिंगचा कागद मागा. आणि दुकानदार ‘नो-कॉस्ट ईएमआय’ म्हणाला तर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी धरून एकूण किती भरायचे, तो आकडा लिहून घ्या.

ओ-रिंगवर (हाउसिंगच्या फटीतल्या रबरी कड्यावर) एक केस राहिला आणि पाणी शिरलं, तर वॉरंटीतून सहसा काही मिळत नाही. घराच्या विम्यातही समुद्रात नेलेला कॅमेरा धरलेला असेल असं मानू नका. ‘ऑल रिस्क’ पॉलिसी घ्यायची झाली तर पाण्याखालचा वापर चालतो हे कंपनीकडून लेखी घ्या. नाहीच मिळालं तर संचाच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाएवढी रक्कम दरवर्षी आपणच वेगळी ठेवायची.

आणि सेंटरवाल्याला होकार कळवण्याआधी तुमची आरोग्य विम्याची पॉलिसी काढून ‘एक्सक्लूजन ०९’ हा कोड शोधा. साहसी खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेल्या दुखापतीचा खर्च त्यात वगळलेला असतो, आणि यादीत स्कूबा डायव्हिंगचं नाव स्पष्ट आहे. आज तुम्ही हौशी डायव्हर आहात. दिवसाला तीन हजार घेऊन उतरलात की कंपनी तुम्हाला व्यावसायिक म्हणू शकते, आणि डीकम्प्रेशनच्या (खोलातून वर येताना रक्तात बुडबुडे होण्याच्या आजाराच्या) उपचाराचं बिल तुमच्या अंगावर येऊ शकतं. विमा कंपनीला ईमेलने विचारा, उत्तर जपून ठेवा, आणि डायव्हरांसाठीचा वेगळा अपघात विमा घ्या. त्याचा हप्ता त्या २१,००० मधून आधी वजा करा.