प्रश्न: गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात (२२ वा आठवडा) ६ किलो वजन वाढलंय. जास्त आहे का? रोज काट्यावर उभी राहते, आकडा रोज वेगळा दिसतो आणि जीव घाबरतो.

उत्तर: रोजचं वजन आधी बंद करा. एका दिवसात अर्धा-एक किलोचा फरक पाण्याने, मिठाने, पोट साफ न झाल्यानेही पडतो. आठवड्यातला एक वार ठरवा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर, काटा सपाट टणक फरशीवर ठेवून. माझ्या गरोदरपणात मी आकडे वहीत पेन्सिलीने लिहायचे आणि चार आठवडे मिळून बघायचे. एकट्या आकड्याकडे बघत बसलं की मन खातं.

६ किलो जास्त का, हे गरोदर राहण्याआधीच्या बीएमआयवर (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ठरतं. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये दिलेलं कोष्टक आजही वापरतात: बीएमआय १८.५ ते २४.९ असेल तर नऊ महिन्यांत मिळून ११.५ ते १६ किलो, २५ ते २९.९ असेल तर ७ ते ११.५, ३० च्या वर ५ ते ९, आणि १८.५ पेक्षा कमी असेल तर १२.५ ते १८. हे एकाच बाळासाठी. पहिल्या गटात पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलो आणि पुढे आठवड्याला साधारण ४०० ग्रॅम धरतात. तुम्ही त्या गटात असाल तर ६ किलो बसतात. बीएमआय २५ च्या वर असेल तर वेग थोडा जास्त आहे, डॉक्टरांशी बोला.

पण म्हणून जेवण तोडू नका, ही माझी कळकळीची विनंती. वाढलेल्या किलोंत बाळ, वार (प्लासेंटा), गर्भजल, वाढलेलं रक्त, मोठं झालेलं गर्भाशय हे सगळं आहे. दुप्पट खायचीही गरज नाही. मधल्या तीन महिन्यांत रोज साधारण ३४० आणि शेवटच्या तीन महिन्यांत ४५० कॅलरी जास्त लागतात. मला गोड पेयं बंद करून आणि जेवणानंतर वीस मिनिटं चालून फरक पडला.

एका गोष्टीची मात्र खरंच भीती बाळगा. तेहतिसाव्या आठवड्यात पाच दिवसांत माझं वजन जवळपास दोन किलो वाढलं, बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना. ती चरबी नव्हती, अंगात साठलेलं पाणी होतं. तपासलं तर बीपी चढलेलं आणि लघवीत प्रथिनं. असं अचानक वाढलं, चेहरा-हात सुजले, डोकं ठणकलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पुढच्या तपासणीची तारीख बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.