सौर कृषिपंप घ्यावा की वीज जोडणीची वाट पाहावी? (चार एकर, भावाशी सामायिक, विहीर आहे.)

'सामायिक' वाचलं म्हणून लिहितोय. पंप राहू द्या, आधी सातबारा बघा.

आमचीही चार एकरच, जुन्नर तालुक्यात. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' या सरकारी योजनेत अडीच एकरापर्यंत ३ एचपी, त्यापुढे पाच एकरापर्यंत ५ एचपी. सामायिकात बाकीच्या खातेदारांची संमती लागते. म्हणजे स्टॅम्पवर दादाची एक सही. दादा म्हणाला, "असल्या सरकारी नादाला मी लागत नाही." त्याचं काय, बोअरवर त्याच्या नावाची जोडणी आधीपासून आहे, २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतचं बिलही माफ. शेवटी वाटप केलं. माझ्या वाट्याला दोन एकर आली आणि ३ एचपी. पाणी साठ फुटांवर असो की दीडशे, एचपी एकरावरच ठरणार. हा नियम कुणी काढला त्याने एकदा दारं धरून बघावीत.

नऊ पॅनेल बांधाच्या कडेला बसली. बांधापलीकडे दादाची बाभूळ. सकाळी साडेनवापर्यंत तिची सावली दोन पॅनेलवर असते आणि सगळी एकाच माळेत जोडलेली, त्यामुळे नऊंचाही जोर उतरतो. पाइपातून करंगळीएवढी धार. सावली हलली की मोटर घुमते, पाइप दोनदा खोकतो आणि मग कुठे कांद्याच्या वाफ्याकडे पाणी पळतं. बाभूळ तोड म्हटलं तर म्हणतो, "आबांनी लावलीय." बाभूळ कोण लावतं हो?

तुम्ही घ्या. पंपाच्या किमतीचे १० टक्के भरायचे (अनुसूचित जाती-जमातींना ५), सही मात्र वाटपाआधी मिळवा. पॅनेल आठवड्याला पुसा, नाहीतर धुळीनेच धार बारीक होते. हां, पावसाळ्यात आभाळ भरलं की पंप बसतो, हे धरून चाला. आणि सौर कृषी वाहिनी २.० या योजनेतून तुमचा फिडर (शेतीला वीज देणारी लाइन) सौरवर येणार असेल, तर जोडणीवाल्यांना दिवसा वीज मिळेल. मग थांबण्यातही अर्थ आहे. आमच्या फिडरला अजून रात्रपाळी आहे, पंपाची वीज रात्रीच येते.

परवा रात्री एकला थ्री फेज आली. दादाचा फोन, "बॅटरी घेऊन ये, उसात काहीतरी हललं." बिबट्याचा भाग, गेलो. बांधावर दोघंच होतो, बाभळीचा विषय काढला. बघू म्हणाला.