टॅबलेटचं भिंग

प्रश्न : आमचे अण्णा ७८ वर्षांचे. डोळ्याच्या पडद्याची मध्यभागी झीज झाल्यामुळे चष्मा लावूनही अक्षर लागत नाही. नातवाचा टॅबलेट घरात पडून आहे, त्याचा काही उपयोग होईल का?
– एक वाचक भगिनी, सेलू (जि. परभणी)

उत्तर : होईल, ताई. माझंही तेच दुखणं आहे. इथं लातूरला मी सातबारा, वीजबिल, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख असंच वाचतो. हातातल्या भिंगाखाली जेमतेम एक-दोन शब्द मावतात. टॅबलेटवर तितक्याच मोठ्या अक्षरात बराच मजकूर एकदम दिसतो.

आयपॅडमध्ये ‘मॅग्निफायर’ हे भिंगाचं ॲप असतंच. दुसरा टॅबलेट असेल तर साध्या कॅमेऱ्यानं फोटो काढा आणि दोन बोटांनी मोठा करा. मला फोटोच बरा वाटतो. हात थरथरला तरी अक्षर हलत नाही, आणि पडदा डोळ्यांजवळ आणता येतो. पांढरा कागद डोळ्यांवर येत असेल तर सेटिंगमध्ये रंग उलटे करा. काळ्यावर पांढरं अक्षर मला फार सोसतं.

पोथी वाचायची तर टॅबलेट धरून मनगट भरून येतं. दोन उंच डबे ठेवून त्यांवर तो आडवा ठेवा, कॅमेरा मोकळा राहू द्या, खालून पोथी सरकवत न्या. जागा ओसरीतली, उन्हात पडदा दिसत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा : सरळ ओळी अचानक वाकड्या दिसायला लागल्या, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. मी आठवडाभर थांबलो होतो. तुम्ही थांबू नका.