20 महिन्यांची मुलगी काकाला 'ताता' म्हणते, प्रत्येक वेळी सुधारावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी 20 महिन्यांची आहे, पंधरा-वीस शब्द बोलते, ऐकताना घर हरखून जातं. पण काकाला 'ताता' म्हणते आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, आत्ताच वळण लावा.

सुधारत बसू नका, तिला उत्तर द्या. ती 'ताता आला' म्हणाली की 'हो, काका आला! काकाने पिशवी आणली' असं म्हणा. बरोबर उच्चार तिच्या कानावर दोनदा पडला आणि तिने दिलेली बातमीही पोचली. 'ताता काय? का-का म्हण' असं वारंवार झालं की मुलं बोलायची टाळाटाळ करतात, कारण सांगायला गेलो एक आणि परीक्षा सुरू झाली भलतीच.

'ताता' का होतं, तेही पाहा. प, ब, म ओठ मिटून होतात, बाळाला ते दिसतातही, म्हणून सहसा लवकर येतात. त, द, न जिभेच्या टोकाने जमतात. क आणि ग साठी जिभेची मागची बाजू वर उचलावी लागते, ते या वयात अवघड. म्हणून काकाचा ताता, गायीची दाय, केळ्याचं तेलं. बाळचं 'बाल', पाणीचं 'पानी', चष्म्याचा 'चम्मा' हे सगळं याच रांगेतलं. क-ग बहुतेक मुलांना साडेतीन-चार वर्षांपर्यंत जमतात, र त्याहूनही उशिरा. परक्या माणसाला दोन वर्षांच्या मुलाचं साधारण निम्मं बोलणं कळलं तरी ते वयाला धरून आहे.

घरच्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तिचा 'ताता' आपण उलट तिच्याशी वापरू नये. पण भूभू, माऊ, हम्मा, मम्मं, भुर्र, जोजो हे शब्द खुशाल वापरा. ते छोटे आहेत, त्यांत आवाजाची पुनरावृत्ती आहे, म्हणून पटकन उचलले जातात. ती कुत्र्याला दर वेळी 'भूभू' म्हणत असेल तर तो पूर्ण शब्द मोजायचा. गाय आणि बकरीही 'भूभू'च असेल तर घाबरू नका. 'ही हम्मा, बघ शिंगं' एवढं पुरतं.

बोलणं वाढवायचं तर माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग थांबण्याचा होतो. काही विचारलं की मनात पाच ते दहा आकडे मोजा, तिच्या डोळ्यांच्या उंचीला बसा, आणि मधे बोलू नका. घाईघाईत आपणच उत्तर देऊन टाकतो. दुसरं, तिच्या शब्दात एकच शब्द जोडा: 'गाडी' म्हणाली की 'गाडी गेली', 'नको' म्हणाली की 'दूध नको'. तिसरं, 'हे काय? ते काय?' कमी करा आणि 'केळं हवं की चिकू?' असं दोन वस्तू दाखवून विचारा. ओळखीच्या बडबडगीताचा शेवटचा शब्द गिळून थांबलात तर तो ती स्वतः म्हणेल. मोबाइलवरची गाणी मात्र समोरून उत्तर देत नाहीत. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलंय. आजी-आजोबांचा व्हिडिओ कॉल वेगळा, तिथे माणूस प्रतिसाद देतो.

घरात मराठीबरोबर हिंदी किंवा कन्नड असेल तर दोन्हींतले शब्द एकत्र मोजा. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. वेखंड उगाळून जिभेला लावल्याने बोलणं लवकर येत नाही, आणि वर्षाच्या आत मध तर अजिबात चाटवू नये.

तुमच्या मुलीचं वर्णन वाचून काळजीचं काही दिसत नाही. पण हाक मारल्यावर वळत नसेल, बोटाने दाखवत नसेल, दोन वर्षं होऊनही 'आई दे', 'बाबा गेला' असे दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात गेले, तर वाट पाहू नका. 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून थांबणाऱ्या घरांनाही हेच सांगेन. आधी श्रवण तपासणी करा: ओएई (कानात बारीक आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद पाहतात), आणि गरज पडली तर बेरा (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहतात). सर्दीनंतर कानात पाणी साचूनही काही काळ कमी ऐकू येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, ते जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात पाठवतं. मुंबईत वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

खरी मजा तर पुढे आहे. अडीच-तीनच्या आसपास ती 'मी करलं', 'बॉल घेलं' म्हणेल. हे कोणी शिकवलेलं नसतं. पडली, बसली, रडली ऐकून तिने स्वतः नियम काढला आणि तो 'कर'ला लावला. पाणी हवं असताना 'तुला पानी पायजे' म्हणेल, कारण तिला आपण 'तुला'च म्हणतो. मोठा भाऊ असेल तर 'मी जातो' म्हणेल, मुलगा आईजवळ जास्त असेल तर 'मी जाते'. (कोल्हापूरकडे तर मोठ्या बायकाही 'मी आलो' म्हणतात, तिथे हा प्रश्नच नाही.) सहसा हे सगळं आपोआप सुटतं.

त्याआधी एक वही करा: तारीख, ती म्हणते तो शब्द, त्याचा अर्थ, आणि तेव्हा समोर काय होतं. अर्थ लिहायला विसरू नका. सहा महिन्यांनी 'तित्ती' म्हणजे खिडकी की चिठ्ठी, हे आठवत नाही. महिन्यातून एकदा मिनिटभराचं ध्वनिमुद्रण करा, जेवताना किंवा आंघोळीच्या वेळी. फोन मात्र तिच्या नजरेआड ठेवा, नाहीतर ती बोलायचं सोडून तोच मागेल.