पुढच्या पुरात हॅम रेडिओचालक म्हणून मदत करायची आहे. कोणता सेट घ्यावा?

आपण भूम तालुक्यात शिक्षक आहात, सप्टेंबर २०२५च्या पुरात आपल्या गावाचा मोबाइल संपर्क तुटला होता आणि तेव्हापासून हॅम रेडिओ, म्हणजे परवाना घेऊन दुतर्फा बोलता येणारा हौशी रेडिओ, शिकण्याचे आपल्या मनात आहे, असे आपण लिहिले आहे. मी लातूरचा असून बरीच वर्षे परवानाधारक हौशी रेडिओचालक आहे. सेटविषयी पुढे सांगतोच, परंतु सेट ही खरेदीतील शेवटची वस्तू असावी, असे माझे मत आहे.

सर्वप्रथम परवाना घ्यावा. केंद्रीय दूरसंचार विभागाची ही परीक्षा वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते, आणि तिच्यात रेडिओचे तंत्र व नियम असे दोन भाग असतात. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीसाठी मोर्स, म्हणजे टिंब-रेषांची संदेशलिपी, लागत नाही. जनरल श्रेणीसाठी लागते. परवाना हातात येण्यापूर्वी बाजारातील स्वस्त हँडहेल्ड, म्हणजे हातात धरायचा छोटा सेट, घेऊन त्यावर बोलणे हा गुन्हा आहे, आणि आपत्तीच्या काळात अशा आगंतुक आवाजामुळे चालू असलेले बचावकार्य अडखळते.

मी या छंदाकडे वळलो तो किल्लारीमुळे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा मी महाविद्यालयात शिकत होतो. आमच्याकडे मोबाइल नव्हतेच, आणि कोणत्या गावात किती माणसे ढिगाऱ्याखाली आहेत, कुठे डॉक्टर पोहोचले आणि कुठे अजून पाणीसुद्धा नाही, हे शेजारच्या तालुक्यालाही नीट कळत नव्हते. त्या दिवसांत हौशी रेडिओचालक आपापले सेट घेऊन भूकंपग्रस्त भागात आले होते. माणूस एका गावात, मदत दुसऱ्या गावात आणि मधे फक्त निरोपाची उणीव, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिले आणि ते आजही विसरलेलो नाही.

म्हणून माझ्या दृष्टीने या कामाचा गाभा निरोपात आहे. निरोप आधी कागदावर लिहावा: क्रमांक, वेळ, कोणाकडून, कोणासाठी आणि मजकूर. मग तो सावकाश वाचावा, समोरच्याने तो जसाच्या तसा परत वाचून दाखवावा, आणि त्यानंतरच पोच मानावी. ऐकताना वाक्य आपल्या शब्दांत सुधारण्याचा मोह होतो; तो टाळावा, कारण ‘इन्सुलिन संपले आहे’ आणि ‘इन्सुलिन संपत आले आहे’ या दोन निरोपांवर वेगवेगळे निर्णय होतात. एका सरावात मांजरेच्या काठावरून आलेला आकडा ‘एकोणसाठ’ होता आणि खरखरीत मी तो ‘एकोणसत्तर’ लिहून घेतला. सराव असल्यामुळे कोणाचे नुकसान झाले नाही, परंतु खऱ्या पुरात बोटींचा आणि जेवणाचा हिशेब दहा माणसांनी चुकला असता. तेव्हापासून आम्ही आकडे सुटे सांगतो: ‘पाच, नऊ’. ‘सात’ आणि ‘साठ’ यांतही हाच धोका आहे. गावाच्या नावापुढे तालुका हवाच, कारण वडगाव, बोरगाव, पिंपळगाव ही नावे आपल्या मराठवाड्यात जागोजागी भेटतात.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. आपले बोलणे कोणालाही ऐकू येते आणि हौशी रेडिओवर सांकेतिक भाषेत बोलून ते लपवण्याची मुभा नाही. त्यामुळे मृतांची नावे हवेवर कधीही उच्चारू नयेत. ती बातमी घरच्यांना प्रशासनाच्या माणसाकडूनच समोरासमोर कळली पाहिजे.

आता सेट. हँडहेल्डची शक्ती साधारण पाच वॅट असते आणि १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. भूम-वाशीचा भाग बालाघाटावर आहे आणि परांडा खाली सीनेच्या खोऱ्यात. त्यामुळे डोंगराच्या कडेवर उभे राहिल्यास खालच्या गावांशी चांगले बोलता येते, मात्र घळीतल्या वस्तीवरून शेजारचे गावही मिळत नाही. जिल्ह्याबाहेर, समजा छत्रपती संभाजीनगरला, निरोप द्यायचा असेल तर दिवसा ७ मेगाहर्ट्झचा पट्टा कामी येतो. त्यासाठी अँटेना म्हणून सुमारे वीस मीटर तांब्याची तार मधोमध तोडून, तिथे सेटची केबल जोडून, दोन लिंबांच्या झाडांमध्ये ताणावी. ती जमिनीपासून चार-पाच मीटरवर असली तरी चालते. उलट कमी उंचीमुळे लहरी सरळ वर जातात, वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, म्हणजे आयनमंडलावरून, परतून आसपासच्या तीन-चारशे किलोमीटरांत उतरतात, आणि मधला डोंगर आड येत नाही. रात्री त्याच कामासाठी ३.५ मेगाहर्ट्झकडे जावे लागते व तार दुप्पट लांब लागते. शंभर वॅटचा सेट बोलताना वीस अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणून शक्ती वीस-तीस वॅटवर ठेवून ट्रॅक्टरची बॅटरी वापरावी. वीज नसतानाही ट्रॅक्टर सुरू करून ती भरता येते.

पूर आला म्हणून परस्पर निघू नये. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात; पावसाळ्यापूर्वीच त्यांच्या कार्यालयात आपला परवाना, कॉल साइन (परवान्यासोबत मिळणारे हवेवरचे ओळखचिन्ह) आणि राहण्याचे ठिकाण नोंदवून ठेवावे, आणि बोलावणे आल्यावरच जावे. तिऱ्हाईताचे निरोप पोहोचवण्यावर एरवी निर्बंध आहेत. नेहमीची दळणवळण यंत्रणा कोलमडल्यावर ती सेवा करता येते, म्हणूनही प्रशासनाशी आधीपासून संबंध असणे आवश्यक आहे. तिथे गेल्यावर नेट कंट्रोल, म्हणजे संभाषणाचे नियंत्रण करणारे केंद्र, ज्याला बोलायला सांगेल त्यानेच बोलावे. तासन्‌तास नुसते ऐकत बसावे लागते, आणि ते ऐकणे हेही कामच असते.

परवाना येईपर्यंत एक सराव आजपासून करता येईल. आपल्या वर्गातील दोन मुलांना भिंतीच्या दोन बाजूंना बसवा, एकाला चार आकडे आणि दोन गावांची नावे असलेला निरोप वाचायला द्या, दुसऱ्याला तो लिहून घ्यायला सांगा, आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा.