पाटल्या लॉकरमध्ये, तांदूळ कार्डावर

ताई, मिस्टरांची नोकरी गेली तेव्हा सात महिने घर क्रेडिट कार्डांवर चाललं. आता नवी नोकरी आहे, पण ३ लाखांचं कर्ज हटत नाही. मिनिमम ड्यूचे (बिलातली किमान रक्कम) १५ हजार मी दर महिन्याला न चुकता भरते. हातात काही उरत नाही म्हणून किराणा अजून कार्डावरच. दोन वर्षांत एक साडी घेतली नाही. दिरांना आम्ही शिकवलं, ते आता ओळख दाखवत नाहीत. आईच्या चार तोळ्यांच्या पाटल्या लॉकरमध्ये आहेत, पण त्या लेकीच्या लग्नाच्या (ती चौथीत आहे). गिरणी संपात आईने त्या दोन वर्षं गहाण ठेवल्या होत्या, पावती तांदळाच्या डब्यात असायची म्हणे. दिरांकडे पैसे कसे मागू?
– हवालदिल, डोंबिवली

मूळ पत्रात दिरांवर तुम्ही दोन पानं खर्च केलीत. ते देणार नाहीत, आणि हे तुम्हालाही ठाऊक आहे. साडीचंही कौतुक माझ्याकडून नको. कर्ज साडीमुळे झालं नव्हतं.

मी अडकले त्या तांदळाच्या डब्यापाशी.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले. त्यातल्या एका खोलीत तुमच्या आईने हातातल्या पाटल्या उतरवल्या, चूल पेटती ठेवली, आणि मग त्या सोडवूनही आणल्या. एक घर तगवलेल्या पाटल्या आहेत या. तुम्ही त्यांना लॉकरात कोंडून वर भाडं भरताय!

‘न चुकता’ हा शब्द वाचून तर मला रागच आला. तुम्ही जोडलेल्या स्टेटमेंटवर महिन्याचा दर ३.५ टक्के आहे. ३ लाखांवर १०,५०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १२,३९०. तुमच्या १५ हजारांतून मुद्दल हललं जेमतेम २,६१०. शिवाय बाकी थकलेली असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत नसते. तांदूळ घेतला त्या दिवसापासून त्याचंही व्याज चालू.

आता हेच ३ लाख सोनेतारण कर्जाने उचला. वर्षाला १० टक्के धरले तर पहिल्या महिन्याचं व्याज २,५००. हप्ता तोच ठेवा, १५ हजार. साधारण २२ महिन्यांत पाटल्या घरी. लेक तेव्हा सहावीत असेल, लग्नाची घाई नसावी.

तेव्हा सोमवारी लॉकर उघडा आणि सरळ एखाद्या सरकारी बँकेत जा. दर महिन्याला हप्ता असलेलंच कर्ज मागा. वर्षाअखेर एकदम फेडायचं कर्ज घेऊ नका. ते कर्ज लोक नुसतं व्याज भरून पुढे ढकलत राहतात, आणि तुमचा ‘न चुकता’ स्वभाव बघता तुम्हीही तेच कराल. कार्डं त्याच दिवशी पूर्ण फेडून बंद करा. किराणा रोखीने, कमी आला तरी चालेल.

आईला बरोबर न्या. लाज कसली वाटतेय? या कामातला अनुभव घरात फक्त त्यांनाच आहे.

आणि पावती लॉकरमध्ये ठेवू नका. तांदळाच्या डब्यात ठेवा, रोज हाताला लागेल अशी.